गोल गठ्ठ्यांचा मुरघास आणि हेलेज यांत फरक काय? गठ्ठ्यांना बुरशी का लागते?

दोन्ही म्हणजे गठ्ठे बांधून हवाबंद मुरवलेला चारा, फरक ओलाव्याचा. मुरघासाच्या गठ्ठ्यात साधारण ५० ते ६५ टक्के ओलावा ठेवतात. हेलेजसाठी चारा आणखी सुकवून ४० ते ५० टक्क्यांवर आणतात. बुरशीचं कारण मात्र दोन्हीकडे एकच, आत राहिलेली किंवा नंतर शिरलेली हवा. म्हणून गठ्ठा घट्ट बांधा आणि २४ तासांच्या आत प्लास्टिक फिल्म गुंडाळा. फिल्मचे चार थर तर लागतातच. काड्या जाड, टोकदार असतील तर सहा द्याच, इथे काटकसर अजिबात परवडत नाही. उंदरा-पक्ष्यांनी पाडलेली भोकं दिसताच चिकटपट्टीने बुजवा. चार ते सहा आठवडे मुरू द्या. बुरशी धरलेला भाग जनावरांपुढे टाकू नका, गाभण गाईंपुढे तर मुळीच नाही. खराब मुरघासातल्या लिस्टेरिया जिवाणूमुळे गाभ पडू शकतो.