ट्रेनिंग झालं, पगार तेवढाच

"मॅडम, एकशे साठ तास ट्रेनिंग केलं आणि पगार तेवढाच. वर फी माझ्याच पगारातून कापतायत."

पुण्यातल्या एका कॉलेजच्या हॉस्टेलच्या गेटवर बारा-बारा तास उभे राहणारे हे दादा झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. सोबत त्यांची बायको. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलीच्या क्लासचे पैसे थकले होते, त्यावरून घरात रोज वाद. शिकून पदरात काय पडणार, हा प्रश्न घेऊन बरेच सुरक्षारक्षक येतात.

पहिल्या भेटीत मी चुकले. शिकलेलं वाया जात नाही, असं बोलून गेले. दादा गप्प झाले. बायको म्हणाली, "ताई, क्लासवाल्यांना काय सांगू?"

पुढच्या भेटीआधी मी कायदा वाचला. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात रक्षकाला प्रशिक्षण देण्याची जबाबदारी एजन्सीवरच टाकली आहे. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून दिलेल्या नियमांत १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे, किमान २० दिवसांत. पण ते पूर्ण केल्यावर पगारात अमुक भर पडेल, असं त्या कायद्यात कुठेच नाही. म्हणजे दादांची तक्रार खरी होती. तिच्यावर मी श्वासाचे व्यायाम सांगणं हा अन्याय झाला असता.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात विद्यापीठाच्या पोलिसांनाही दरवर्षी ४० तासांचं प्रशिक्षण पूर्ण केल्यावर राज्याच्या निधीतून पगाराव्यतिरिक्त भत्ता मिळतो. हा निधी विमा हप्त्यांवरच्या अधिभारातून उभा राहतो. आपले रक्षक पोलीस नाहीत, कंत्राटी आहेत. पण हॉस्टेलमधली मुलं त्यांच्याच भरवशावर झोपतात. असा भत्ता इथेही हवा, असं मला मनापासून वाटतं.

ट्रेनिंगमधलं काय कामाला आलं, असं मी सहज विचारलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, एका रात्री गेटपाशी एका मुलीला फिट आली. कुणी तोंडात चमचा घालायला धावलं, कुणी चप्पल हुंगवायला. यांनी सगळ्यांना मागे सारलं, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत शेजारी बसले. घरी हे सांगितलंच नव्हतं. "पगार वाढला नाही, मग सांगायचं काय?" बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

एजन्सीला द्यायचा अर्ज आम्ही तिघांनी बसून लिहिला. पगारातून काय कापता येतं याची यादी वेतनाच्या कायद्यातच आहे, प्रशिक्षणाची फी तिच्यात नाही. सुपरवायझरपदासाठी दादांचा विचार व्हावा, त्यांची ९ वर्षं झाली होती. तेही लिहिलं. त्या रात्रीची तारीखही बायकोने आग्रहाने घालायला लावली. एजन्सीने ऐकलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं, हेही ठरलं.

पुढच्या महिन्यापासून कपात थांबली. आधी कापलेले पैसे मिळालेले नाहीत, सुपरवायझरपदाबद्दल उत्तर नाही. झोप चार-पाच तास लागते म्हणतात. पंधरा दिवसांनी पुन्हा येणार आहेत, गेटवरच्या दुसऱ्या एका रक्षकाला घेऊन.