जि.प. शाळेसाठी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून) संगणक कक्ष मिळतोय, करारात काय मागून घ्यावं?

संगणक कोणीही देतं. तुम्ही आधी अर्थिंग आणि देखभाल मागा, बहुतेक कक्ष तिथेच बंद पडतात.

१० डेस्कटॉप, प्रत्येकी साधारण १५० वॅट धरले तर दीड किलोवॅट भार होतो. त्यासाठी वेगळी वायरिंग, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि ३ केव्हीएचा यूपीएस लागतो. न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो २-३ व्होल्टच्या वर असेल तर यंत्रं जोडूच नका, आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. वीज वारंवार जाणाऱ्या गावात लॅपटॉप बरे, भार निम्म्याहून कमी.

करारात ३ वर्षांची देखभाल, वीजबिल कोण भरणार आणि प्रशिक्षक किती दिवस येणार हे स्पष्ट लिहा. शाळेच्या निदान दोन शिक्षकांना प्रशिक्षण हवंच, कारण एकाची बदली झाली की कक्षाला कुलूप लागतं आणि नुकसान मुलांचं होतं.

कागदपत्रं: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र. काम संस्थेमार्फत होणार असेल तर तिची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं करण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे होणारी नोंदणी) तपासा. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. मिळालेली यंत्रं लगेच जडवस्तू नोंदवहीत चढवा.