पायथनमध्ये ओव्हरराइड केलेली मेथड सी++ मधून का चालत नाही?

सी++ मधील ‘फिल्टर’ या बेस क्लाससाठी तुम्ही पायबाइंड११ चा (सी++ चा कोड पायथनमधून वापरू देणाऱ्या लायब्ररीचा) ट्रॅम्पोलिन, म्हणजे सी++ चे कॉल पायथनकडे वळवणारा मदतनीस क्लास, लिहिला आहे. तरीही फिल्टरपासून निघालेल्या ‘ब्लरफिल्टर’चा पायथनमध्ये सबक्लास करून ‘प्रोसेस’ ओव्हरराइड केल्यावर सी++ च्या लूपमधून जुनीच मेथड का चालते, असा तुमचा प्रश्न आहे.

पायथन मेथड नावावरून आणि कॉलच्या क्षणी शोधतो, तर सी++ चा कंपाइलर व्हर्च्युअल (सबक्लासमध्ये बदलता येणाऱ्या) मेथडची व्हीटेबलमधील, म्हणजे क्लासच्या अशा मेथडच्या पत्त्यांच्या तक्त्यातील, जागा आधीच ठरवून ठेवतो. पायथनमध्ये सबक्लास लिहिल्याने नवा व्हीटेबल तयार होत नाही. ती उणीव ट्रॅम्पोलिन भरून काढतो: तो सी++ मध्येच मेथड ओव्हरराइड करतो आणि त्या नावाची पायथन मेथड असल्यास कॉल तिच्याकडे, नसल्यास बेस क्लासकडे पाठवतो. (मूळ मेथड व्हर्च्युअलच नसेल, तर ट्रॅम्पोलिनचाही उपयोग नाही, हे सर्वांत आधी तपासा.)

ब्लरफिल्टरची पायबाइंड११ मधील नोंदणी तुम्ही ट्रॅम्पोलिनशिवाय केलेली दिसते. त्यामुळे पायथन ऑब्जेक्टच्या आत निव्वळ ब्लरफिल्टर तयार होतो, आणि फिल्टरचा ट्रॅम्पोलिन त्याच्या वंशावळीत येतच नाही. ती दोघे भावंडे आहेत. ब्लरफिल्टरसाठी स्वतंत्र ट्रॅम्पोलिन लिहा आणि त्यात फिल्टरकडून वारशाने आलेल्या, ब्लरफिल्टरने स्वतः न बदललेल्या व्हर्च्युअल मेथडही पुन्हा घ्या. क्लास बरेच असतील, तर बेस क्लास पॅरामीटर म्हणून घेणारा टेम्प्लेट ट्रॅम्पोलिन सोयीचा पडतो.

एवढे केल्यावरही एक धोका उरतो, आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात एरर येत नाही. सी++ ने त्या ऑब्जेक्टचा शेअर्ड पॉइंटर (ऑब्जेक्टला जिवंत ठेवणारा, मालकी वाटून घेणारा पॉइंटर) धरून ठेवला असताना पायथनमधील शेवटचा रेफरन्स संपला, तर सी++ चा भाग जिवंत राहतो, पण पायथनचा भाग नष्ट होतो. मग ट्रॅम्पोलिनला तुमची मेथड सापडत नाही आणि तो मुकाट्याने ब्लरफिल्टरची मेथड चालवतो. मी स्वतः अशा चुकीच्या निकालांचे कारण दोन दिवस गणितात शोधत होतो. साधा उपाय म्हणजे लूप संपेपर्यंत ऑब्जेक्ट पायथनच्या एखाद्या लिस्टमध्ये ठेवणे. पायबाइंड११ च्या ३.० आवृत्तीत यासाठी ‘स्मार्ट होल्डर’ हा ऑब्जेक्टची मालकी सांभाळणारा प्रकार आणि ट्रॅम्पोलिनला जोडायचा एक खास बेस क्लासही आहे.

शिवाय, ओव्हरराइड एकदा सापडली नाही, की पायबाइंड११ त्या पायथन क्लाससाठी तशी नोंद ठेवतो आणि ती पुन्हा शोधत नाही. म्हणून मेथड क्लासच्या व्याख्येतच लिहा, नंतर चिकटवू नका.