गळ्याची शस्त्रक्रिया कुणाच्या हातून करून घ्यावी?

कर्करोगाच्या रुग्णांची समुपदेशक म्हणून जळगावात काम करताना थायरॉईडच्या रुग्णांच्या घरच्यांकडून एक चिंता वारंवार कानी पडते. सोनोग्राफी झालेली असते, सुईच्या तपासणीचा अहवाल हाती आलेला असतो, शस्त्रक्रिया करावी लागणार हेही मनोमन मान्य झालेले असते. घोडे अडते ते एकाच ठिकाणी. ज्यांच्या हाताला यश आहे असे अख्खा तालुका म्हणतो त्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे जायचे, जिल्ह्याच्या गावातील चाळिशीच्या आतबाहेरच्या तज्ज्ञाकडे जायचे, की सगळे सोडून मुंबई गाठायची? आणि या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, जो बहुतेक जण आवाज खाली आणून विचारतात: डॉक्टरांना त्यांच्या अनुभवाबद्दल विचारले तर त्यांना राग येणार नाही ना?

अमळनेर तालुक्यातील एका शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे मांडत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळणाऱ्या या बाईंचे वय चाळिशीचे. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाच्या रात्री गाणी सांगायला वाड्यावाड्यातून त्यांना बोलावणे येते. त्यांच्या थायरॉईडमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली आणि अहवालात पॅपिलरी कर्करोग असे निदान आले. दुसऱ्या बाजूलाही संशयास्पद गाठी दिसल्यामुळे पूर्ण ग्रंथी काढण्याचा सल्ला मिळाला होता. माझ्याकडे त्या पती, थोरले दीर आणि सासूबाई यांच्यासह आल्या. दीर तालुक्यातील ज्येष्ठ सर्जनांसाठी आग्रही होते, कारण त्यांचे स्वतःचे अपेंडिक्सचे आणि वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन त्यांनीच केले होते. पतीचा कल मुंबईकडे होता. जळगावातील ज्या तज्ज्ञाने निदान केले त्याच्याविषयी सासूबाईंचे मत एका वाक्यात संपले: “पोऱ्या शे तो आजून.” स्वतः बाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी त्यांनी एवढेच विचारले की, “ताई, माझा आवाज जाईल का?”

सर्वांत आधी मला घाई थोपवावी लागली. कर्करोग हा शब्द ऐकला की उद्याच्या उद्या गाठ काढून टाका असे घरच्यांना वाटते आणि त्या भरात जो पहिला दरवाजा उघडा मिळेल तेथे रुग्णाला दाखल केले जाते. पॅपिलरी हा थायरॉईडच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे आणि तो सहसा संथ गतीने वाढतो. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या काही निवडक गाठी शस्त्रक्रिया न करता केवळ नियमित तपासणीखाली ठेवल्या जात आहेत. बाईंची गाठ त्या गटातील नव्हती, हे मी स्पष्ट सांगितले. पण योग्य सर्जन निवडण्यासाठी दोन-तीन आठवडे लागले तर चालतील का, हे निदान करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या, असे सुचवले. त्यांनी चालेल असे सांगितले. ही मुभा सर्वांना नसते, हेही येथेच नोंदवते. अ‍ॅनाप्लास्टिक नावाचा दुर्मीळ प्रकार झपाट्याने पसरतो आणि तेथे एकेक दिवस मोलाचा असतो.

घरच्यांच्या चर्चेत माणसांची तुलना चालली होती, परंतु गळ्यात नेमके काय होणार आहे याची कल्पना कुणालाच नव्हती. म्हणून मी कागदावर आकृती काढली. थायरॉईड ग्रंथी श्वासनलिकेला बिलगून असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या मागून स्वरयंत्राकडे जाणारी एकेक बारीक नस वर चढते, आणि ती दुखावली तर आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या तर श्वासालाही अडथळा येऊ शकतो. याखेरीज ग्रंथीच्या मागे, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात, आणि भोवतालच्या चरबीपासून त्या वेगळ्या ओळखणे हे नजरेच्या सरावाचे काम आहे. गाठ काढणे हा या शस्त्रक्रियेचा अर्धा भाग झाला. जे काढायचे नाही ते रक्तपुरवठ्यासह शाबूत ठेवणे हा उरलेला अर्धा भाग, आणि सर्जनासर्जनांतील फरक प्रामुख्याने तेथे दिसतो. दिरांनी आकृती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि हर्नियाशी याची तुलना होणार नाही, हे त्यांनी स्वतःहूनच म्हटले.

वयाच्या प्रश्नावर मात्र मला काहीतरी ठोस सांगणे भाग होते. फ्रान्समधील पाच रुग्णालयांतील २८ सर्जनांनी केलेल्या साडेतीन हजारांहून अधिक थायरॉईड शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नस कायमची दुखावणे आणि कॅल्शियम कायमचे कमी होणे या दोन गुंतागुंती त्यात मोजल्या होत्या. सर्वांत चांगले निकाल ३५ ते ५० या वयोगटातील सर्जनांचे आढळले, तर वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांच्या रुग्णांत या गुंतागुंती वाढलेल्या दिसल्या. म्हणजे सासूबाई ज्या वयाला ‘पोऱ्या’ म्हणत होत्या, ते वय या अभ्यासात सर्वांत भरवशाचे ठरले होते. तरीही एका अभ्यासावरून प्रत्येक ज्येष्ठ सर्जनाकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल, असे मी आवर्जून सांगितले. नुसती वर्षे साठल्याने कौशल्य टिकत नाही, ते सतत जागते ठेवावे लागते, एवढाच त्याचा रोख आहे.

वयापेक्षा महत्त्वाची मला वाटते ती संख्या. अमेरिकेतील सुमारे १७ हजार रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले की, वर्षाला २५ हून अधिक संपूर्ण थायरॉईड शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंती कमी होत्या. आणि धक्का देणारी गोष्ट अशी की, त्या नोंदींतील निम्म्या सर्जनांनी वर्षाला अशी एकच शस्त्रक्रिया केली होती. हे नवे ज्ञान आहे असेही नाही. एकोणिसाव्या शतकात गळ्याची ही शस्त्रक्रिया जीवघेणी मानली जात असताना स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी हयातीत अशा पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आणले आणि १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळवले. तेच काम, तीच रचना, तेच बारकावे पुनःपुन्हा डोळ्यांखालून गेल्याने हात तयार होतो. आपण ज्याला हाताचे यश म्हणतो त्यात श्रद्धेचा भाग असेलही, पण त्याचा फार मोठा भाग या सरावाचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

यापुढचा टप्पा सर्वांत अवघड होता, कारण ही संख्या डॉक्टरांनाच विचारायची होती. बाईंचे पती तयार होते, पण माझ्यासमोर म्हणून पाहा असे सांगितल्यावर त्यांच्या तोंडून वाक्य फुटेना. “साहेब, तुम्ही असे किती केले?” असे ते एकदा म्हणाले आणि स्वतःच ओशाळले, कारण त्यात उलटतपासणीचा सूर आला होता. आम्ही वाक्य बदलत गेलो. शेवटी ठरलेले वाक्य असे होते: “साहेब, आम्हाला काळजी वाटते म्हणून विचारतो, थायरॉईडच्या साधारण किती शस्त्रक्रिया वर्षाला तुमच्या हातून होतात, आणि आवाजाचा किंवा कॅल्शियमचा त्रास किती जणांना राहतो?” बाईंनी ते शाळेच्या वहीत वळणदार अक्षरात लिहून घेतले आणि पतीकडून दोनदा म्हणवून घेतले. आदर राखून विचारलेल्या या प्रश्नाने चांगला सर्जन दुखावत नाही. जो या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडे शस्त्रक्रियेनंतर मध्यरात्री शंका विचारायची हिंमत कुटुंबाला होणार नाही, आणि हे कारण मला दुसरा दरवाजा पाहण्यास पुरेसे वाटते.

ते सर्वप्रथम ज्येष्ठ डॉक्टरांकडेच गेले, कारण त्यांना न सांगता पुढे जाणे दिरांना पटत नव्हते. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, प्रश्न शांतपणे ऐकला आणि सांगितले की, थायरॉईडचा कर्करोग त्यांच्याकडे वर्षाकाठी एखाद-दुसराच येतो आणि तो ते स्वतःच पुढे पाठवतात. जळगावच्या तज्ज्ञाचे नाव त्यांनीच पुढे केले. दिरांच्या मनातील गाठ त्या एका भेटीत सुटली. मोठेपण असे असते, आणि आपल्या भागातील अनेक ज्येष्ठ डॉक्टर असेच वागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

जळगावच्या सर्जनांनी दिलेली वार्षिक संख्या समाधानकारक होती. पण बाईंना धीर आला तो दुसऱ्याच उत्तराने. शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीने स्वरतंतू तपासू, म्हणजे आधीपासून काही दोष असेल तर कळेल, असे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रिया चालू असताना नसेचा संदेश तपासणारे यंत्र वापरू. एका बाजूला तो संदेश क्षीण झालेला आढळला तर दुसरी बाजू त्या दिवशी न उघडता पुढे ढकलू, असेही ते म्हणाले. हे यंत्र असले म्हणजे नस हमखास वाचते असे नाही, हेही त्यांनी लपवले नाही. सर्जनाने मध्येच थांबण्याचा निर्णय घेतला तर तो रुग्णाला जपण्यासाठी असतो, हे घरच्यांना आधी माहीत असणे फार गरजेचे आहे. नाहीतर बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांत ‘ऑपरेशन फसले’ अशी बातमी पसरते. कामगिरी एकट्या सर्जनाची नसते, म्हणून भूलतज्ज्ञ नेहमीचेच असतात का, रात्री वॉर्डात डॉक्टर हजर असतो का, हेही मी त्यांना विचारायला लावले. गळ्यात रक्त साचून श्वास कोंडण्याचा धोका बहुधा पहिल्या चोवीस तासांतला असतो, आणि त्या वेळी टाके लगेच उघडणारा माणूस जवळ असावा लागतो.

मुंबईचा प्रश्न मी निकालात काढला नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेच काम करीत आहे, आणि श्वासनलिकेत घुसलेली गाठ, परत उद्भवलेला रोग किंवा लहान मुलांचा रोग असेल तर तेथे जाण्याचा आग्रह मी स्वतः धरते. मूत्रपिंडावर असणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या काही गाठींचेही तसेच आहे. त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी एक-दोन आठवडे रक्तदाबाची खास तयारी करावी लागते आणि ती चुकली तर टेबलावरच जीव धोक्यात येतो. परंतु बाईंच्या बाबतीत आणखी एक हिशेब होता. कॅल्शियम सर्वाधिक खाली येते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा रुग्णाला घरी सोडलेले असते आणि कुटुंब परतीच्या रेल्वेत बसलेले असू शकते. पुरेसा सराव असलेला सर्जन घरापासून तासा-दीड तासावर मिळत असेल तर हे अंतर हिशेबात घ्यायलाच हवे. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळगावचे हे रुग्णालय बसते का, याची चौकशी दिरांनी आरोग्यमित्राकडे, म्हणजे त्या योजनेच्या मदतनिसाकडे, केली आणि तो विषय मार्गी लागला.

रुग्णाच्या हातात काहीच नसते, हे मला मान्य नाही. बाईंचे ड जीवनसत्त्व कमी निघाले होते. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम घसरण्याचा धोका त्याने वाढतो, म्हणून डॉक्टरांनी ते आधी भरून काढले. सासूबाईंच्या रक्त पातळ करण्याच्या गोळीची पाकिटे आणि बाईंच्या गोळ्या एकाच डब्यात होत्या. भलती गोळी पोटात जाऊ नये म्हणून तो डबा मी वेगळा करायला लावला.

शस्त्रक्रिया झाल्यावर बाईंचा आवाज काही आठवडे जड होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. याची कल्पना आधीच असल्याने पतीने हातपाय चोळत न बसता लगेच फोन केला. रक्त तपासले गेले, कॅल्शियमचा डोस वाढला आणि काही आठवड्यांत तो हळूहळू बंदही झाला. अंतिम अहवालानंतर किरणोत्सारी आयोडीनची, म्हणजे मागे राहिलेल्या थायरॉईडच्या पेशी नष्ट करणाऱ्या औषधाची, गरज नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले. वर्गात त्या परतल्या तेव्हा पहिले काही दिवस मुलांना पुढे बसवून हळू बोलत होत्या. वरचे सूर अजून पूर्वीसारखे लागत नाहीत, हे त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले, आणि त्यासाठी आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे मी त्यांना पाठवले आहे.

सासूबाईंचा आक्षेप आता जन्मभराच्या गोळीवर होता. सुनेची ग्रंथी जे संप्रेरक तयार करीत होती तेच या गोळीतून मिळते आणि ती सुटली तर सुस्ती, सूज, थंडी हे सारे मागे लागेल, असे मी त्यांना समजावले. सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियमची गोळी घेतलीच तर मध्ये चार तासांचे अंतर, एवढे पथ्य पुरेसे आहे. सकाळचा पहिला चहा त्याच करतात, तेव्हा गोळी घेतल्याशिवाय सुनेला कप द्यायचा नाही, ही जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.