विचारा मास्तरांना : पोपटी टी-शर्ट आणि उसाचे ट्रॅक्टर

प्रश्न : सर, आमचं गाव निपाणीपासून जवळच. दिवसभर शेत आणि घर, त्यामुळं मी आणि जाऊबाई जेवणं उरकून रात्री साडेआठला फाट्यापर्यंत चालून येतो. रस्त्याला दिवे नाहीत, त्यात कारखाना सुरू झालाय. दिरानं दोघींना झगझगीत पोपटी टी-शर्ट आणून दिलेत आणि म्हणतो, आता काळजी नाही. एवढं पुरे आहे का?
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : ताई, दिराची माया खरी, पण टी-शर्ट त्यानं दिवसाउजेडी निवडला असणार. हा पोपटी रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी पेटतो. हेडलाइटमध्ये ते किरण जवळजवळ नसतातच, म्हणून रात्री तो नुसता फिकट कपडा उरतो. काळ्या शालीपेक्षा बरा, इतकंच.

तुम्हाला हवी रेडियमची पट्टी. तिच्यावर पडलेला उजेड जिथून आला तिकडंच परत जातो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडं. ट्रॉलीमागं डकवतात ती घेऊ नका, कापडावर ती टिकत नाही. रस्त्याच्या कामावरच्या माणसांच्या जाकिटावर असते तसली शिवायची राखाडी पट्टी आणा आणि शिंप्याकडून सलवारीच्या मोहरीला, गुडघ्याजवळ आणि मनगटाला शिवून घ्या. छातीवर एकच चौकोन चमकला तर तो मैलाचा दगड की उभी ट्रॉली, हे लांबून कळत नाही. घोटे आणि मनगटं हलताना दिसली की माणूस ओळखू येतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली हेच दाखवलं : अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे ठिपके तेवढे दिसत होते, तरी बघणाऱ्यांनी चालणारा माणूस लगेच ओळखला. पट्टीवर चिखल बसला की मात्र ती आंधळी होते, पुसत जा.

आता हिशोब बघा. ताशी साठनं येणारी गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर पुढं सरकते. ड्रायव्हरला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत पंचवीसेक मीटर गेलेच, गाडी थांबायचं अंतर वेगळं. डिपरवर चालवताना गडद कपड्यातलं माणूस पुष्कळदा फार उशिरा दिसतं.

चाला उजव्या कडेनं, गाडी समोरून येऊ दे. दोघी मागेपुढे. पुढचीच्या हातात टॉर्च, झोत खाली रस्त्यावर. मागचीच्या कमरेला सायकलचा लाल लुकलुकता दिवा, कारण आपल्याकडं उलट्या बाजूनं मोटरसायकल हाकणारे कमी नाहीत. रस्ता उजवीकडं वळतो तिथं आतल्या कडेला समोरचं काही दिसत नाही. वळणाच्या आधीच पलीकडं जा आणि सरळ रस्ता लागला की परत या.

उसाच्या ट्रॅक्टरचं सांगतो, कारण खरी भीती त्याचीच आहे. एकच दिवा दिसला म्हणून मोटरसायकल समजू नका, पुष्कळ ट्रॅक्टरांचा एक दिवा गेलेलाच असतो. डबल ट्रॉली असली तर मागची डुलते आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. टेपवर गाणी एवढ्या मोठ्यानं चालू असतात की तुमची हाक त्याला ऐकू जायची नाही. म्हणून लांबूनच डांबर सोडून साइडपट्टीवर उभ्या राहा, नजर खाली ठेवा म्हणजे डोळे दिपणार नाहीत. ट्रॅक्टर गेला तरी लगेच निघू नका, मागून ओव्हरटेक करणारा कुणीतरी असतोच. उतरायच्या आधी टॉर्च गवतावर मारा, घोणस असू शकते.

मला विचाराल तर गळीत हंगाम संपेपर्यंत शाळेच्या मैदानाला फेऱ्या घाला की. कंटाळवाणं आहे, मान्य. पण जाऊबाई बरोबर आहेत, गप्पांत वेळ जाईल. घरी सांगून निघा आणि मोबाइलवर ११२ लावायचं दोघींनाही ठाऊक असू द्या.

प्रश्न : सर, सैन्यभरतीसाठी मी पहाटे पाचला बेळगाव रोडवर १६०० मीटर मारतो. कानात गाणी असली की दम टिकतो. चालेल का?
— खानापूर तालुक्यातला एक भरतीवाला

उत्तर : नाही रे पोरा. मागची गाडी आधी कानाला कळते, मग डोळ्याला. धुकं असलं तर रेडियमवरही भरवसा ठेवू नकोस, उजेड वाटेतच विखुरतो. जानेवारीत आपल्याकडं सूर्य उगवायलाच सात वाजतात, तेव्हा पाचला नुसता व्यायाम आणि दोरीवरच्या उड्या अंगणात कर. टायमिंगची धाव उजाडल्यावर, मैदान मोजून घेऊन, तिथंच मार.