सापळ्यातले पतंग रंगवून सोडणारी पोरगी

पत्र: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. मुलगी बारावी सायन्सला आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे (मादीसारख्या वासानं त्या अळीचे पतंग ओढणारे) लावले, तर ती त्यातले पतंग काढून, गुलाल लावून परत वावरात सोडते. साठ सोडले. दोन दिवसांनी सापळ्यांत चाळीस सापडले, त्यात तीन रंगवलेले. हे सगळं वहीत लिहून ठेवते. शेजारी हसतात. मी नर्सिंग म्हणतो, ती ‘किड्यांचंच शिकीन’ म्हणते. यात पोट भरते का?

उत्तर: भाऊ, विकत आणलेल्या सापळ्यातली कीड पोरगी हातानं सोडून देते हे बघून जीव जळणारच. पण आधी तिचा हिशोब बघा. साठातले तीन परत आले, म्हणजे विसात एक. मग सापडलेले चाळीस हेही शिवारातल्या पतंगांच्या विसात एक असतील, तर एकूण झाले आठशेच्या आसपास. हाच हिशोब डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ साली माशांसाठी मांडला आणि लिंकन यांनी अमेरिकेत १९३० साली बदकांसाठी. तुमच्या घरी तो कपाशीच्या धुऱ्यावर झाला, एवढाच फरक.

सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारा, हे तुम्हाला कृषी सहायकानं सांगितलं असेल. तो इशारा आहे. शिवारात एकूण किती आहेत आणि ते कुठवर उडतात, हे नुसत्या आठ या आकड्यावरून कळत नाही. तुमच्या वावरात सोडलेला पतंग तिसऱ्या वावरातल्या सापळ्यात निघाला, तर एकट्यानं फवारून काय होणार? २०१७ चा हंगाम आठवा, बोंडं फोडली की आत अळी. अमेरिकेत हीच अळी हटवताना प्रयोगशाळेतल्या अळ्यांच्या खाण्यात तेलात विरघळणारा लाल रंग घालत. पतंग चिरडला की आतून लाल दिसे, म्हणजे तो आपण सोडलेला, वांझ केलेला; अशा पतंगाशी जोडी जमली तरी पुढे अळ्या होत नाहीत. बीटी कपाशी आणि हे वांझ पतंग यांची सांगड घालून त्यांनी २०१८ साली ती हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

पोरीच्या चुकाही सांगतो, तिला वाचून दाखवा. तो पतंग सेंटिमीटरभराचासुद्धा नसतो. गुलालाचा जाड थर बसला तर तो उडेल कसा? रंगवलेले मेले तर परत कमी येतात आणि आठशेचा आकडा फुगतो. पंधरा रंगवलेले आणि पंधरा बिनरंगाचे, दोन बरण्यांत जाळी लावून ठेवावेत, रोज मेलेले मोजावेत. दुसरं, कामगंधाला फक्त नर येतात. म्हणजे तिचे आठशे नरच, माद्या वेगळ्या. अंडी मादी घालते, त्यामुळे नर सोडल्यानं आभाळ कोसळत नाही, पण सोडायचे ते आपल्याच वावरात.

आता पोटाचं. एमएचटी सीईटी देऊन बीएस्सी कृषी, चार वर्षं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालयं जवळ आहेत, खर्चही बाहेरगावच्या मानानं आवाक्यातला. मग कीटकशास्त्रात एमएस्सी, दोन वर्षं. पुढे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा, नाहीतर एमपीएससीतून कृषी सेवा. कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच आहे. मात्र खोटं बोलणार नाही: कायमच्या जागा थोड्या, आणि प्रकल्पावरची नोकरी प्रकल्प संपला की संपते. नर्सिंगला काम लवकर मिळतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. घरात कर्ज असेल तर सहा वर्षं थांबता येईल का, हे तिच्यासमोर बसून बोला. तिच्या पाठीमागे ठरवू नका.

बीएस्सी झाल्यावरही जैविक कीडनाशकांच्या आणि बियाण्यांच्या कंपन्यांत फिरतीची कामं असतात. पगार सुरुवातीला बेताचा.

ती वही मात्र जपून ठेवा. तारीख, सापळा क्रमांक, वारा, पाऊस, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) कधी बदललं, सगळं लिहायला सांगा. मुलाखतीत असा कागद आणणारी मुलं मी फार थोडी पाहिली. आणि हसणाऱ्या शेजाऱ्याला एक विनंती करा: त्याच्याही वावरातले सापळे तिला आठवड्यातून दोनदा मोजू द्यावेत. रंगीत पतंग तिकडे निघाला तर हसू आपोआप थांबेल, आणि फवारणीची तारीख दोघं मिळून ठरवाल.