एमआरआयमध्ये काही नाही, मग दुखतं कुठून?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४४. दोन वर्षं झाली कंबर दुखतेय, मग मान धरली, खांदे धरले, आता तर दंडाला कोणी नुसता हात लावला तरी कळ येते. रात्रभर झोपूनही सकाळी आजारातून उठल्यासारखं वाटतं. एमआरआयमध्ये कमरेची एक डिस्क थोडी फुगलीय म्हणे. एक डॉक्टर म्हणतात नस दबलीय, दुसरे म्हणतात संधिवात, तिसरे म्हणाले काहीच नाही, टेन्शन घेऊ नका. पेनकिलरने तर काडीचा फरक नाही. नक्की काय समजू?

उत्तर : ताई, ते 'काहीच नाही' आधी डोक्यातून काढा, दुखणं खरं आहे. डिस्कचंही (म्हणजे मणक्यांमधल्या गादीचंही) फार मनावर घेऊ नका, ज्यांची कंबर दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन बघितले तरी विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत डिस्क फुगलेली दिसते, ऐंशीच्या घरात तर ८४ टक्के! म्हणून कुठे दुखतं यापेक्षा कसं दुखतं ते मी आधी विचारतो.

सांधा झिजला, स्नायू दुखावला तर पेशंट बोट ठेवून जागा दाखवतो, काम केलं की वाढतं, बसलं की उतरतं. सुजेच्या वाताचं बरोब्बर उलटं, बसून राहिलं की अंग आखडतं आणि हालचाल केली की मोकळं होतं, पहाटे दुखून जाग येते, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या पुढे जातो (झिजेत बहुतेक वेळा त्याच्या आत सुटतो). हे चाळिशीच्या आत कमरेत सुरू झालं तर मी लगेच वाताच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

नसेचं दुखणं म्हणजे जळजळ, करंट, मुंग्या, बधिरपणा, आणि तेही नसेच्या ठरलेल्या पट्ट्यात, म्हणजे कंबरेतून पार गुडघ्याखाली अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे. आता सांगा, कमरेतली नस दबली तर ती दंडात कशी बोलेल?

तुमचं वर्णन मला या सगळ्यांहून वेगळ्या प्रकाराकडे झुकलेलं वाटतं. याला नोसिप्लास्टिक पेन म्हणतात, २०१७ मध्ये वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा प्रकार वेगळा मान्य केला. यात मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते, त्यामुळे दुखणं अंगभर फिरतं, साधा स्पर्श टोचतो, झोप लागली तरी थकवा जात नाही, गोष्टी आठवत नाहीत. फायब्रोमायल्जिया हा अंगभर दुखण्याचा आजार यातलाच. पूर्वी १८ ठरावीक जागा दाबून ११ दुखल्या तरच निदान करायचे, २०१० च्या निकषांपासून ती अट गेली. पेनकिलर का चालत नाही तेही यात आलंच, अशा दुखण्यावर ती फारशी चालतच नाही. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि झोपेची घडी हा मुख्य इलाज, गरज पडली तर मज्जासंस्थेवर काम करणारी गोळी डॉक्टर ठरवतील.

पण थायरॉइड, सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आधी करून घ्या, कारण थायरॉइड कमी असलं तरी अंग असंच दुखतं, आणि एकाच माणसात झीज आणि हे, दोन्ही असू शकतं. लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप किंवा विनाकारण घटणारं वजनही अंगावर काढू नका.

पुढच्या वेळी कागदावर शरीराची आकृती काढून दुखतं तेवढं रंगवून न्या, शेजारी 'जळतं', 'ठणकतं', 'आखडतं' असं लिहा. ते आधी दाखवा, एमआरआयची फाईल नंतर.